गाडीत माणसं किती?

चाकं सतरा इंची नको लिहूस, खोड ते. पंधरा लिही. सतरा तुझ्या दादाच्या डोक्यात आहे, आत्याआजीच्या नाही. काल तो मोबाईलवर फोटो दाखवत होता ना, ती काळीभोर चाकं, काड्याकाड्यांची, आणि त्यावर टायर म्हणशील तर एवढंसं, जशी काळी रिबीन गुंडाळलीय. मी आपली हो हो म्हणाले. त्याला वाटलं आजीला काय कळतंय. अक्षर मला येत नाही हे खरं, पण टायरच्या दुकानामागे पन्नास वर्षं संसार केलाय मी. टायरच्या अंगावर काय छापलेलं असतं ते मला झोपेत विचार.

तर ही गोष्ट तुझ्या आत्याआजीची आहे, म्हणजे माझ्या नणंदेची. मी त्यांना वन्सं म्हणते, तू लिहिताना पण वन्संच लिही, नाहीतर माझी जीभ अडखळेल. आज त्या जिथे बसतात ती जागा त्यांना कुणी दिलेली नाही. त्यांनी ती कशी घेतली ते तुझ्या बापालाही नीट माहीत नाही, कारण तो तेव्हा माझ्या पोटात होता. येईल, त्याचाही नंबर येईल.

मी लग्न होऊन आले तेव्हा घर असंच होतं. पुढे दुकान, मागे आम्ही, मध्ये एक दार. माझ्या ओट्यासमोरची खिडकी दुकानाच्या अंगणात उघडायची. गाड्या तिथेच उभ्या राहायच्या, तिथेच जॅक लागायचा. हवा भरायचं यंत्र सुरू झालं की माझी भांडी मांडणीवर थरथरायची. दिवसभर रबराचा वास. पहिल्या महिन्यात मला अन्न जाईना. नंतर माहेरी गेले तर तो वास नाही म्हणून झोप येईना.

दुकान मामंजींचं. मामंजी म्हणजे माझे सासरे, तुझे पणजोबा. अंगाने काडी, पण आवाज असा की यंत्र बंद केलं तरी घुमत राहायचा. चाकं काढणं-घालणं ते आणि तुझे आजोबा करायचे. वन्संची शाळा पूर्ण झालेली, हिशोब पक्का, अक्षर मोत्यासारखं, म्हणून त्यांना काउंटरवर बसवलेलं. काउंटर दाराच्या आत, पार कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड. लोखंडी टेबल, त्यावर पत्रा, त्यावर पावती पुस्तक. बावीस वर्षांची मुलगी दिवसभर त्या भिंतीकडे बघत पावत्या फाडायची आणि कान मात्र अंगणात. नट आवळल्याचा आवाज ऐकून सांगायच्या, दादा, चौथा राहिला तुझा. आणि चौथा खरंच राहिलेला असायचा. तुझे आजोबा चिडायचे.

त्यांना काम हवं होतं. अंगणातलं, हाताचं. सगळे जेवायला बसले की या गुपचूप अंगणात. टायर उचकायची लोखंडी पट्टी घेऊन जुनं टायर रिमवरून काढायच्या आणि परत चढवायच्या. एकदा नख उपटलं. सासूबाईंनी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या दारात सापडलं. दार आमचं कसं काय एवढं लागायला लागलं म्हणून सासूबाईंनी दाराला तेल घातलं.

शेवटी एक दिवस त्यांनी बापाला सरळ विचारलं. मी खिडकीतून ऐकत होते, हात पाण्यात तसेच. मामंजींनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, बरं, एक गाडी. जी पहिली गाडी नवी चाकं मागायला येईल ती तुझी. माप तुझं, रिम तू निवडायचं, बसवायचंही तू. पण गाडी तक्रार घेऊन परत आली, तर काउंटर सोडायचं नाही आणि हा विषय जन्मात काढायचा नाही.

वन्सं म्हणाल्या, कबूल.

आता बघ, तोवर आमच्या दुकानात नवीन मापाची चाकं कोणी मागतच नव्हतं. जे माप गाडीला कारखान्यातून आलंय तेच झिजलं की तेच परत. त्यात डोकं काय लागतं. पण त्या सुमारास लोकांना चमकणाऱ्या अलॉय चाकांचं वेड लागायला लागलं होतं. आणि आठवड्याच्या आत पहिली गाडी आली ती मोटार शिकवणाऱ्या मास्तरची.

मास्तर आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचा. छोटी हॅचबॅक गाडी, पाठीमागची डिकी आणि काच एकच, वर 'शिकाऊ' अशी पाटी. हाच त्याचा धंदा, हीच त्याची शाळा, हाच फळा आणि हीच छडी. चौकात दुसरा एक शिकवणारा आला होता, त्याच्या गाडीला झगमग चाकं, आणि तरुण मुलं तिकडे जायला लागलेली. मास्तर हातात एक कातरलेला फोटो घेऊन आला. सोळा इंची रिम, टायर दोनशे पाच पंचावन्न. म्हणाला मला हेच पाहिजे.

तुझे आजोबा लगेच म्हणाले, मिळेल. गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं. वन्सं काउंटरवरून उठून आल्या आणि म्हणाल्या, नाही मिळणार.

त्यांनी मास्तरला समजावलं आणि मग रात्री जेवताना मला, कारण मी विचारलं. तू पण समजून घे, तुझ्या दादाला सांगायला उपयोगी पडेल. मास्तरच्या गाडीच्या टायरवर लिहिलेलं होतं एकशे पंच्याहत्तर, पासष्ट, चौदा. पहिला आकडा टायर किती रुंद ते, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटर नाही. रुंदीचे शंभर भाग केले तर त्यातले पासष्ट. आणि तिसरा म्हणजे आतलं रिम किती इंचाचं. लोक या तिसऱ्या आकड्यालाच भुलतात. वन्संनी दोन दोऱ्या कापल्या. एक मास्तरच्या आहे त्या चाकाएवढी, जमिनीपासून वरच्या टोकापर्यंत. दुसरी फोटोतल्या चाकाएवढी. दोन्ही खिळ्याला टांगल्या. दुसरी जवळजवळ पाच सेंटिमीटर खाली लोंबत होती.

म्हणाल्या, वहिनी, एवढं मोठं चाक लावलं तर एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते. वेगाच्या काट्याला ते कळत नाही. काटा पन्नास दाखवेल तेव्हा गाडी चोपन्नने पळत असेल. मास्तर ज्या पोरांना शिकवणार ती पोरं पहिल्या दिवसापासून खोट्या काट्यावर शिकणार. शिवाय स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत जाऊन घासणार, आणि शिकणारी पोरं दुसरं करतात तरी काय, स्टेअरिंग पूर्ण वळवण्याशिवाय.

मग म्हणाल्या, रिम मोठं घ्यायचंच असेल तर भिंत तेवढी बारीक करायची, म्हणजे चाक सगळं मिळून होतं तेवढंच राहतं. आणि तिसरी दोरी कापली. एकशे पंच्याऐंशी, पंचावन्न, पंधरा. ती पहिल्या दोरीशेजारी टांगली तर मला फरकच दिसेना. फरक दीड मिलिमीटर. मी म्हणाले, मग सोळाची पण भिंत अजून बारीक करून बसवता आली असती की. त्या हसल्या. म्हणाल्या, येते बसवता, पण मग टायर राहतं भाकरीच्या पापुद्र्याएवढं, आणि मास्तरची पोरं रोज तीनदा फुटपाथवर चढतात.

मास्तर फुरंगटला, पण ऐकलं. वन्संनी शहरातून रिमं मागवली. पंधरा इंची, पाच जाड पाती, चंदेरी. आल्या दिवशी त्यांनी स्वतः टायर चढवली, स्वतः तोल साधायला वजनं लावून चाकं फिरवून बघितली, स्वतः नट आवळले, एक सोडून समोरचा, तारा काढतात तसे. मी खिडकीत. पाच मिनिटांत माझं दूध दोनदा उतू गेलं. त्यांनी टायर आणि वरच्या मडगार्डच्या कडेमध्ये बोट घालून बघितलं. बोट गेलं. मग आमच्या दुकानाची जी पद्धत होती तसं मामंजी स्वतः गाडीत बसले आणि अंगणात दोन चकरा मारल्या. काही घासलं नाही, वाजलं नाही. मामंजी उतरले आणि जाताना एका टायरवर थाप मारली. त्यांच्याकडून तेवढी म्हणजे सत्काराची शालच समज.

मास्तर आरशासारखी चाकं घेऊन गेला. वन्सं त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

तिसऱ्या दिवशी गाडी परत आली.

मास्तर ओरडला नाही. तो ओरडणाऱ्यातला नव्हताच, रोज पोरं त्याची गाडी दुभाजकावर घालतात, ओरडला असता तर कधीच घसा बसला असता. त्याने फक्त मागच्या चाकाकडे बोट दाखवलं. टायरच्या खांद्यावर, जिथे भिंत वळून वर येते ना, तिथे रबर खरवडून गेलेलं. गोल, सगळीकडून, जसं किसणीवर धरलंय. म्हणाला, खड्ड्यातून गेलो की खर्रर होतं आणि जळका वास येतो. काल एक मुलगी घाबरून मध्येच उतरून गेली, म्हणाली उद्यापासून चौकातल्याकडे जाते.

मामंजी अंगणात उभे होते. वन्संकडे बघून म्हणाले, परत आली.

एवढंच. मला वाटलं आता या रडतील. रडल्या नाहीत. म्हणाल्या, हो बाबा, परत आली. शब्द पाळते. पण गाडी माझ्या हातून गेलीय, ती नीट माझ्याच हातून जाऊ दे. मग बसते काउंटरवर.

तुझे आजोबा बिचारे बहिणीला वाचवायला पुढे आले. म्हणाले, एवढं काय, मडगार्डची कड जरा हातोडीने आत वळवतो, अर्ध्या तासाचं काम, मास्तरला कळणार पण नाही. मास्तर तिथेच उभा, हे तुझ्या आजोबांच्या लक्षातच नाही. वन्संनी त्यांच्या हातातून हातोडी काढून घेतली.

"चाकासाठी गाडी वाकवायची नाही दादा. गाडीसाठी चाक निवडायचं. चूक माझी आहे, मडगार्डची नाही."

मग त्या मास्तरकडे वळल्या आणि त्यालाही तेच सांगितलं. माप बरोबर आहे, रिम चुकलंय, चूक माझी, जुनी चाकं आत्ता लावून देते, चार दिवसांत नीट करते. मास्तरने चष्मा पुसला आणि बरं म्हणाला.

पण नेमकं काय चुकलं ते तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. बोट तर गेलं होतं. चकराही मारल्या होत्या. मग घासलं कसं. जुनी चाकं लावायच्या आधी त्या गाडीभोवती फिरत राहिल्या. मास्तर अंगणातल्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचायला लागला. मी चहा घेऊन बाहेर गेले. आठवा महिना, पोट एवढं पुढे. उभं राहून पाय दुखायला लागले म्हणून गाडीचं मागचं दार उघडं होतं तिथे मी आपली टेकले. नुसती टेकले हो, बसले पण नाही पुरती. आणि वन्सं ओरडल्या.

मी दचकून उठायला लागले तर म्हणाल्या, उठू नका वहिनी. बसा. अजून आत बसा. आणि खाली वाकून चाकाकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, आईला बोलवा.

सासूबाई आल्या. त्यांना माझ्या शेजारी बसवलं. सासूबाई म्हणाल्या, मला कुठे न्यायचंय ते आधी सांग, चप्पल बदलते. मास्तरला पुढे बसवलं, त्याच्या नेहमीच्या डाव्या जागेवर. तुझ्या आजोबांना स्टेअरिंगवर. आणि बाहेरून वन्संनी मडगार्ड आणि टायरमध्ये बोट घालून बघितलं. बोट जाईना. नख जाईना.

त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. चूक सापडल्याचा असा आनंद मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर बघितलेला नाही. म्हणाल्या, बाबा, आपण वीस वर्षं गाड्या रिकाम्या तपासतोय.

खरंच होतं. मामंजी एकटे बसायचे, आणि मामंजी म्हणजे सीटवर ठेवलेली छत्री. त्यांच्याने गाडी काय दबणार. जुन्याच मापाची चाकं लावत होतो तोवर चाललं, कारण ती कारखान्याने मोजूनच दिलेली असायची. पण मास्तरच्या गाडीत रोज तो स्वतः, शिकणारा एक, आणि मागे आपला नंबर यायची वाट बघत बसलेले दोघं. चार माणसं बसली की मागची बाजू खाली येते, मडगार्डची कड चाकावर येते, त्यात खड्डा आला की झालंच.

पण मग मास्तरची जुनी चाकं चार माणसांत घासत नव्हती, ही का घासली? ते वन्संनी चाक काढून उलटं करून शोधलं. रिमच्या मागच्या बाजूला, पात्याच्या आड, एक छोटा आकडा खोदलेला असतो. गाडीला रिम जिथे चिकटतं ती जागा रिमच्या बरोबर मध्यावर नसते, जरा बाहेरच्या अंगाला असते. किती ते तो आकडा सांगतो. त्याला ऑफसेट म्हणतात, लिही तसंच. आकडा कमी असला की चाक तेवढं गाडीच्या बाहेर येतं. मास्तरच्या जुन्या रिमवर पंचेचाळीस होता. नव्यावर पस्तीस. वर नवं रिम रुंदीलाही एक इंच जास्त. सगळं मिळून चाक बोटभर बाहेर आलेलं. वन्संनी तो आकडा वाचला होता, पण बोट गेलं म्हणून सोडून दिला. बाहेर आलेलं चाक दिसायला छान दिसतं, त्यालाच त्या भुलल्या. हे त्यांनीच मला सांगितलं, मी आपल्या मनाचं काही घालत नाहीये.

चार दिवसांत दुसरी रिमं आली. पंधराच इंची, रुंदीला अर्धाच इंच जास्त, आणि मागे आकडा पंचेचाळीस. टायर तेच माप, पण खरवडलेली दोन त्यांनी मास्तरच्या हातात परत दिली नाहीत, नवीन चढवली. आणि मग जी तपासणी झाली ती अख्ख्या गल्लीने बघितली.

सगळ्या मडगार्डच्या आतल्या कडांना वन्संनी पांढरा खडू जाड फासला. म्हणजे टायर नुसतं शिवलं तरी त्यावर पांढरा ओरखडा उठेल. मग माणसं बसवायची. पुढे मास्तर आणि तुझे आजोबा. मागे सासूबाई, मी, आणि मध्ये समोरचा शिंपी, कारण गल्लीत त्याच्याएवढं वजनदार माणूस नव्हतं. मास्तर म्हणाला, अहो मी चारच नेतो. वन्सं म्हणाल्या, एक जास्तच बरा. शिंपी म्हणाला, वहिनींच्या पोटातल्यासकट आम्ही सहा होतो, मोजणीत चुकू नका. सासूबाईंनी त्याला मांडीवर चापट मारली.

अंगणाच्या फाटकापाशी वन्संनी दोन लाकडी ओंडके आडवे टाकले होते. गाडी त्यांच्यावरून हळूहळू पुढे-मागे न्यायची, स्टेअरिंग आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. माझ्या दिवसांची सगळ्यांना काळजी, म्हणून तुझे आजोबा गाडी अशी चालवत होते की मुंगीने पुढे जावं. दहा वेळा गेलो आलो. तुझा बाप आतून लाथा मारत होता, त्याचाही काहीतरी अभिप्राय असावा. सासूबाई प्रत्येक ओंडक्याला देवाचं नाव घेत होत्या.

उतरलो. वन्संनी चारही टायर हाताने फिरवून फिरवून बघितली. मामंजीही वाकले, त्यांचे गुडघे कटकट वाजले. टायर काळीच्या काळी. खडू जिथल्या तिथे.

मास्तर गाडीत बसायच्या आधी मामंजींपाशी गेला. म्हणाला, मालक, मी अठरा वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. गाडी ठोकली की सगळे म्हणतात ब्रेक लागला नाही. लाखात एखादा म्हणतो मी उशिरा दाबला. त्याला मी दुसऱ्या दिवशी एकट्याला गाडी देतो. तुमच्या मुलीला अंगणात उभं करा.

मामंजी म्हणाले, "तुम्ही तुमच्या शाळेत कुणाला पास करायचं ते करा. माझ्या दुकानात शब्द म्हणजे शब्द. गाडी परत आली होती."

मला इतका राग आला की त्या संध्याकाळी मी त्यांच्या भाजीत मीठच घातलं नाही. गप खाल्ली त्यांनी. वन्सं पण गप. मी म्हणाले, तुम्ही काही बोलत का नाही. म्हणाल्या, वहिनी, शब्द मी दिलाय. मी नाही मोडणार. आणि झोपायला गेल्या. झोपल्या पण. भिंतीपलीकडून मला त्यांचं घोरणं ऐकू येत होतं, म्हणून मी जास्तच चिडले.

सकाळी मामंजी मागच्या अंगणात दात घासत होते तेव्हा पुढून घरघर ऐकू आली. लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज. आम्ही सगळे धावलो. वन्संनी मोठा जॅक, तो चाकं असलेला, काउंटरच्या टेबलाखाली घातला होता, टेबल उचललं होतं, आणि पावती पुस्तक, शाईचा शिक्का, टेलिफोन, सगळ्यासकट ते टेबल ढकलत ढकलत अंगणात आणत होत्या. टेलिफोनची वायर सापासारखी मागून येत होती. जिथे गाड्या उभ्या राहतात, जिथे जॅक लागतो, बरोबर तिथे शेजारी त्यांनी टेबल उतरवलं. खुर्ची आणली. बसल्या.

मामंजींच्या तोंडात ब्रश तसाच.

वन्सं म्हणाल्या, "काउंटर सोडायचं नाही असं म्हणाला होतात बाबा. नाही सोडत. काउंटर कुठे ठेवायचं ते काही ठरलं नव्हतं."

मी दाराच्या आड. हसू आवरेना म्हणून तोंड दाबलं तर पोट दुखायला लागलं. तुझे आजोबा जमिनीकडे बघत होते. मामंजींनी टेबलाकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, चूळ भरायला मागे गेले. परत आले आणि म्हणाले, इथे दुपारी ऊन येतं.

वन्सं म्हणाल्या, येऊ दे.

तीन दिवस ऊन खाल्लं त्यांनी. नाक भाजून लाल झालं. चौथ्या दिवशी दुपारी ठोकाठोकीचा आवाज आला म्हणून मी खिडकीतून बघितलं तर मामंजी शिडीवर. टेबलाच्या वर पत्र्याची पडवी काढत होते. वन्सं खाली शिडी धरून उभ्या. संध्याकाळी मी मामंजींच्या भाजीत मीठ बरोबर घातलं.

तेव्हापासून त्या तिथेच. टेबलाचा खण उघडला की पावती पुस्तकाखाली नट आवळायचे पाने आणि खडू. कुणीही गाडी घेऊन आलं, मला ही चाकं पाहिजेत, ती पाहिजेत म्हणालं, की वन्संचा पहिला प्रश्न, गाडीत माणसं किती बसतात. गाडी कुठली, रिम किती इंची, ते सगळं नंतर. लोक त्यांना किती-माणसं बाई म्हणायला लागले. एक स्थळ आलं होतं त्यांना, मुलगा स्वतःची गाडी घेऊन बघायला आला, पुढून मागून फुगलेली चाकं. वन्संनी आधी चाकं बघितली, मग मुलगा. विचारलं, गाडीत माणसं किती. तो म्हणाला, एकटाच असतो. म्हणाल्या, मग असंच राहू दे. सासूबाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

एक वही आहे त्यांची. निळी, कडा काळ्या पडलेल्या. कुठल्या गाडीला कुठलं रिम, मागे आकडा किती, टायरचं माप, आणि शेवटच्या रकान्यात किती माणसं बसवून घासलं किंवा नाही घासलं. अशा नऊ वह्या झाल्या. पहिल्या वहीच्या पहिल्या ओळीत मास्तरची गाडी आहे, आणि पुढे त्यांच्या हाताने लिहिलंय, माझी चूक. तूच मला वाचून दाखवलं होतंस ते, आठवतंय?

शिंपी वारला तेव्हा गल्लीतले म्हणाले आता दुकानाचं वजन गेलं. त्याच्या मुलाने मग बसायला सुरुवात केली. तुझा बाप चालायला लागल्यापासून बसतोय. तूही बसली आहेस मागच्या सीटवर, खाऊ मिळतो म्हणून. आणि मी तर आजही बसते. मला आता चढायला दोन माणसं लागतात, पण वन्सं म्हणतात वहिनींशिवाय खडूचं खरं नाही.

म्हणून मला तुझ्या दादाचा राग आलाय. सेकंड हँड हॅचबॅक घेतली, छान केलं. पण आत्याआजीकडे न येता त्या पलीकडच्या मोठ्या दुकानात सतरा इंची चाकं ठरवून आला. का, तर ती नाही म्हणेल. अरे, ती नाही म्हणत नाही, ती मोजते. त्याच्या गाडीच्या टायरवर काय लिहिलंय ते काल मी तुझ्याकडूनच वाचून घेतलं की नाही? एकशे पंच्याहत्तर, पासष्ट, चौदा. मास्तरचंच माप. आणि तो रोज कामाला जाताना तीन मित्रांना घेऊन जातो हे त्यानेच मला सांगितलं. तो, आणि तीन. म्हणजे किती झाले?

वन्संना मी काल रात्री सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी नुसता खण उघडून खडू आहे का बघितला.

आता पुरे, हात दुखला असेल तुझा. हा कागद घडी घालून ठेव, आणि आज दादा आला की त्याला एवढा निरोप दे. म्हणावं, आत्याआजी सकाळी आठला टेबलावर आहे. पैसे त्या दुकानात भरायच्या आधी गाडी घेऊन ये. आणि रिकामी आणू नकोस, त्या तिघांनाही बरोबर आण. मी आहेच.